ठशाची रेघ

“थांबा. होऊ द्या.”

चहाचा ग्लास समोर आला की सर एवढंच म्हणत. मग उजव्या हाताच्या तर्जनीची मागची बाजू काचेला टेकवत, लगेच काढून घेत आणि थोड्या वेळाने पुन्हा टेकवत. तोवर सोबतच्यानेही ग्लासाला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. दारव्ह्याच्या बसस्थानकासमोरच्या त्या टपरीवर बाकीची गिऱ्हाइकं चहा बशीत ओतून फुरके मारत. सरांच्या चहावर साय धरायची.

“सर, हा चहा हाये का मठ्ठा?” टपरीवाला विचारायचा.

“जिथं तो सोताहून थांबते, तिथं मी पितो,” सर म्हणायचे. “तू फुंकर मारून घाई करते, म्हणून तुले त्याचा मुक्काम समजत नाही.”

बोट टेकवायची ही सवय ग्लासापुरती नव्हती. वर्गाची भिंत, पंख्याची मोटर, संगणकाचा डबा, कोणाच्या लेकराचं कपाळ, सगळीकडे ते बोट जायचं. सवय वडिलांकडून आली होती. वडील बाभुळगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मजूर होते. ओल्या कापसाच्या गंजीला आतून ऊब धरते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस धूर निघतो. म्हणून वडील गंजीत खांद्यापर्यंत हात घालून पाहायचे. मुलाचा हात तिथवर पोचत नव्हता. तो बाहेरूनच बोट टेकवून अंदाज बांधायचा. हे सरांनीच सांगितलं होतं. स्वतःबद्दल त्यांनी आपणहून सांगितलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. ते महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. तुमच्याही तालुक्याला असा एखादा माणूस असेल. लोक त्याच्या नावामागे ‘प्रा.’ लावतात, त्याच्या लग्नपत्रिकेवरही ते छापलेलं असतं, आणि दर जूनमध्ये त्याला पुन्हा नव्याने मुलाखत द्यावी लागते.

सर पीएच.डी. करत होते. विषय विचारला की इतर प्राध्यापक मार्गदर्शकाचं नाव सांगतात. सर आठवडी बाजाराकडे बोट दाखवायचे. टपरीवरून तो दिसायचा.

“सकाळी पाहा,” ते म्हणायचे. “मिरचीवाले एकीकडे, भांड्यावाले एकीकडे. कोण दिग्रसचा, कोण कळंबचा, सारं ओळखू येते. मंग उन्हं उतरल्यावर कोण्या एका कोपऱ्यात जाऊन उभे राहा. सारे सारखेच धुळीनं भरलेले. त्या कोपऱ्याले विचारलं, बाबा, तुह्याजवळचे लोक कुठून आले, त्याले सांगता येत नाही. त्याले फक्त एवढंच सांगता येते, की आज बाजार गरम हाये का थंड.”

“मग ते कुठून आले हे गेलं कुठं?”

“कुठीच नाही गेलं. पूर्ण बाजारात पसरलं. बाजाराजवळ हाये, कोपऱ्याजवळ नाही. याले म्हणते समतोल.”

मला समजलं तेवढं असं. बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेला कणांचा समूह असेल, तर त्याला तापवणारं किंवा निववणारं बाहेरचं कोणी नसतं. तरी पुंजभौतिकीच्या नियमांनी चालणारे असे बहुतेक समूह आपले आपण समतोलाला येतात. समूहाचा प्रत्येक लहान तुकडा उरलेल्या समूहालाच आपली शेगडी मानतो. शेवटी त्या तुकड्यात तापमानाशिवाय काही उरत नाही. सुरुवात कशी झाली होती, याचा ठसा पुसला जातो. पण कणांच्या वाटेत पुरेसे वेडेवाकडे खाचखळगे असले तर काही समूह समतोलाला येतच नाहीत, असाही एक विचार आहे. ते आपली सुरुवात धरून बसतात. सर याच दुसऱ्या प्रकारच्या मागे होते.

त्यांनी संगणकात कणांची एक साखळी केली होती. सुरुवातीला एक कण वर, पुढचा खाली, पुन्हा वर, असा नमुना. मग साखळी आपल्या नियमाने चालू द्यायची आणि तो नमुना किती टिकला ते पाहायचं. त्यासाठी कागदावर एक रेघ निघायची. तिला ते ‘ठशाची रेघ’ म्हणत. रेघ उतरत शून्याला गेली तर साखळी सुरुवात विसरली. मधेच सपाट झाली तर नाही विसरली. अडचण अशी की साखळीत एक कण वाढवला की गणिताचा पसारा दुप्पट होतो. महाविद्यालयाच्या संगणकांवर डझनभर कणांच्या पुढे मजल जात नव्हती.

ही गणितं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चालायची. संगणक कक्षाच्या दारावर सरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘हात लावू नये. आत गणित सुरू आहे.’ एका लक्ष्मीपूजनाला शिपायाने सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायचं म्हणून मागची वायर ओढली आणि बऱ्याच दिवसांचं काम गेलं. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. संगणकाच्या डब्याला बोट टेकवलं आणि म्हणाले, “निवलं बाप्पा. चाल, पुन्हा पेटवू.”

दारव्ह्यात खोली शोधताना मी एकदा त्यांच्यासोबत होतो. घरमालकाने नाव विचारलं, ते सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. या आडनावाचे लोक आमच्याकडे सवर्णांतही असतात आणि बौद्धांतही. मालक अडखळला.

“म्हणजे मूळचे कुठले म्हणायचे?”

“बाभुळगावकडले.”

“ते झालं हो. म्हणजे... मूळचे?”

“मालक,” सर म्हणाले, “मीपण कणाले हेच विचारून राह्यलो. त्याचं उत्तर आलं की तुमाले कळवतो.”

खोली मिळाली नाही. पुढे ते गावाबाहेरच्या नव्या वस्तीत राहिले. घरात समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पत्नीचं शिवणयंत्र, आणि उरलेल्या जागेत सरांचे कागद.

मग तो निकाल आला. दोन उन्हाळे चालवलेल्या साखळ्यांची रेघ उतरली, मधे थांबली आणि तिथून हलली नाही. किती का वेळ जाईना, सपाट. सरांनी तो कागद टपरीवर आणला होता. त्या दिवशी चहाची साय काढायचंही त्यांना सुचलं नाही.

“नाही विसरत,” ते म्हणाले. “कितीही घोळा, नाही विसरत.”

प्रबंध लिहून झाला. त्याच सुमारास महाविद्यालयात भौतिकशास्त्राची कायम जागा निघणार असं ठरलं. इतकी वर्षं शिकवणारा माणूस, त्यात पीएच.डी., म्हणजे जागा त्यांचीच, असं सगळे धरून चालले होते. सरांच्या वयाला ही शेवटची संधी होती, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं. संस्थेने बातमी पाठवली: ‘दारव्ह्याच्या प्राध्यापकाचे मूलभूत संशोधन’. छायाचित्रासह छापून आली. पाठोपाठ सत्कार झाला. संस्थेच्या सचिवांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, “अशा समाजातून, अशा वस्तीतून येऊनसुद्धा सरांनी ही उंची गाठली, ही कौतुकाची गोष्ट आहे.”

टाळ्या पडल्या. सर मंचावरून उतरले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. नारळ मांडीवर होता.

“पाह्यलं?” ते हळूच म्हणाले. “रेघ सपाट.”

ते हसले, म्हणून मीही हसलो.

प्रबंध विद्यापीठात द्यायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली, जी करायची कोणतीही गरज नव्हती. कळंबची एक मुलगी त्यांची विद्यार्थिनी होती. ती आता बंगळुरूला एका संशोधन संस्थेत होती, आणि तिथे मोठे संगणक होते. सरांनी तिला आपला प्रोग्रॅम पाठवला आणि साखळी वाढवून, खूप वेळ चालवून पाहायला सांगितलं. तिने पाहिलं. तिचा फोन आला तेव्हा सर आणि मी टपरीवरच होतो. सरांच्या फोनचा आवाज फुटका होता. ऐकायचं म्हणून तो मोठा ठेवावा लागे.

“सर, रेघ...”

“बोल ना.”

“सर, हालून राह्यली.”

“किती?”

“खूप कमी. पण मोठी साखळी घेतली की जास्त हालते. थांबत नाही सर. मी तीन वेळा तपासलं. सॉरी सर.”

“सॉरी कायले?” सर म्हणाले. “तू काय हालवली का तिले?”

त्यांनी फोन ठेवला. ग्लासाला बोट टेकवलं. चहा कधीच निवून गेला होता.

चूक कुठे झाली हे त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी ते मला समजावूनही सांगितलं. साखळी फार लहान होती. लहान साखळीत ठसा पसरायलाच जागा नसते, म्हणून तो टिकल्यासारखा दिसतो. या विषयात काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. सरांनाही होतं. आणखी एक-दोन कण वाढवून पाहायला हवे होते. एखादा उन्हाळा जास्त गेला असता, पण रेघेचा कल दिसला असता.

“मग का नाही वाढवले?” मी विचारलं.

त्यांनी ग्लास बाजूला सारला.

“रेघ सपाट आली ना, तवा मले वाटलं, हे तं मले माहीतच होतं. लहानपणापासून माहीत होतं. जे माणसाले माहीत असते, ते तो तपासत नाही. माह्या जिंदगीशी जुळलं, म्हणून मी तिथंच थांबलो.” मग म्हणाले, “दुसऱ्या कोणाचं असतं तं मी दहा डाव म्हटलं असतं, साखळी वाढव.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले. कार्यालय म्हणजे एक टेबल आणि भिंतीला टेकलेली वर्तमानपत्रांची रद्दी.

“खुलासा छापून पाह्यजे.”

आमच्या धंद्यात खुलासा मागायला येणारा माणूस चिडलेला असतो. आपल्याविरुद्ध छापलेलं खोटं आहे, असं त्याचं म्हणणं असतं.

“कोणाविरुद्ध?”

“माह्याविरुद्ध.”

मी यवतमाळच्या कार्यालयाला फोन लावला. संपादक हसले. म्हणाले, “चांगलं छापलेलं खोटं निघालं म्हणून कोणी येते का बे? त्याले म्हण, घरी जा, झोप काढ.” मी तो निरोप शब्दशः दिला. सर उठले नाहीत. तीन दिवस ते येऊन त्याच खुर्चीत बसत राहिले. चौथ्या दिवशी खुलासा आतल्या पानावर, पाणीपुरवठ्याच्या सूचनेखाली आला: ‘दीर्घ साखळीत ठसा टिकत नसल्याचे आढळल्याने पूर्वी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये.’ वाक्य सरांचं होतं. ते कोणाला समजलं नाही. पण संस्थेला समजलं.

मार्गदर्शकांनी बोलावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, प्रबंध जसा आहे तसा द्या, परीक्षक काही तो चालवून पाहणार नाहीत. सर म्हणाले, “चालवून पाह्यला ना सर. तिनं पाह्यला.” मग नव्याने लिहायला मुदतवाढ हवी होती. ती मिळेपर्यंत जागेची मुलाखत होऊन गेली आणि जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या जूनमध्ये संस्थेने तासिकेलाही बोलावलं नाही. कारण सांगितलं गेलं नाही. सचिवांनी मला एवढंच म्हटलं, “आम्ही डोक्यावर घेतलं होतं. पण शेवटी मूळ स्वभाव जात नाही माणसाचा.”

हे मी छापलं नाही. सरांना सांगितलंही नाही.

त्यांच्या पत्नी माझ्याशी तेव्हा एकदाच मोकळेपणी बोलल्या. शिवणयंत्रावर बसल्या होत्या, आणि बोलताना पाय थांबला नाही.

“भाऊ, एक सांगा मले. गणित यांचं खोटं निघालं, अन् शिक्षा आमाले काहून?”

सर आतल्या खोलीत होते. ऐकू जात होतं.

“थांब, होईन काही,” आतून आवाज आला.

“थांबलीच तं हाये मी!” त्या म्हणाल्या. “लग्न झालं तवापासून थांबलीच हाये. चहा निवते, भाजी निवते, मी निवली. अजून किती होऊ द्यायचं?”

यंत्र चालू राहिलं.

त्यानंतर सर यवतमाळच्या एका शिकवणी वर्गात जाऊ लागले. रोज काळी-पिवळी जीपने दारव्ह्याहून जायचं, दुपारी परत. बारावीच्या मुलांना ते उष्णतेचा धडा शिकवत. प्रबंध पुन्हा लिहीत होते की नाही, मला माहीत नाही. कळंबच्या मुलीने मोठ्या साखळ्यांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्यात सरांचं नाव घालायला ती तयार होती. त्यांनी नको म्हटलं. “माहं त्यात काय हाये? चूक हाये. ते आभारात टाक.” तिने खरोखरच टाकलं. आभारात त्यांचं नाव आहे. मी पाहिलं आहे.

त्या काळात एकदा टपरीवर मी विचारलं, की आता साखळीचं नक्की काय म्हणायचं. विसरते की नाही?

“विसरते,” ते म्हणाले. “तिनं साफ दाखवलं. खाचखळगे असले की हळू विसरते, पण विसरते. साऱ्याचा समतोल होते.”

“मग ही चांगलीच गोष्ट झाली की.”

“हो ना. चांगलीच.” त्यांनी ग्लासाला बोट टेकवलं. “फक्त आपल्या हयातीत नाही.”

मे महिन्यात ते गेले. यवतमाळहून येणाऱ्या काळी-पिवळीत मधल्या बाकावर, दोन माणसांच्या मध्ये बसले होते. डोकं शेजारच्याच्या खांद्यावर आलं. त्याला वाटलं, डुलकी लागली. दारव्ह्याला सगळे उतरले, तरी ते उतरले नाहीत. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडून बराच वेळ झाला असावा. शेजारचा माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “अंग गरमच लागून राह्यलं होतं हो.” ते खरं असणार. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा माणसाच्या अंगापेक्षा गरम असते. तिथे कोण निवणार?

बातमी मीच पाठवली. साधी, चार ओळींची. ‘प्रा.’ लिहिलं होतं. ते कितपत बरोबर, हाही प्रश्नच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आली तेव्हा त्या जागी ‘डॉ.’ होतं. पान लावणाऱ्या कोणीतरी, महाविद्यालयात शिकवायचे म्हणजे डॉक्टर असणारच, असं धरून दुरुस्त केलं होतं.

अंत्यसंस्कार आदल्या संध्याकाळी त्यांच्या मूळ गावी झाले होते. राख सावडायला मी सकाळी तिथे गेलो. वस्तीतली माणसं होती, कळंबची मुलगी रात्रीच्या विमानाने नागपूरला उतरून, पुढे मिळेल त्या गाडीने आली होती, आणि पत्नी. बुद्धवंदना झाली. ऊन वर यायच्या आत उरकावं म्हणून पुरुषांची घाई चालली होती. सरांचे एक चुलतभाऊ पाण्याची कळशी घेऊन पुढे झाले.

“सरका. पाणी मारून थंडी करतो अन् घेऊन टाकू.”

सरांच्या पत्नी पुढे आल्या, खाली बसल्या. उजव्या हाताच्या बोटाची मागची बाजू त्यांनी राखेला टेकवली आणि लगेच काढून घेतली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “होऊ द्या.”

चुलतभाऊ कळशी घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली. माणसं हळूहळू लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. कळंबची मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

बऱ्याच वेळाने सरांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. हातात आजचा पेपर होता, बातमीच्या जागी घडी घातलेला.

“भाऊ, डॉक्टर नव्हते ना हे.”

“नव्हते. ती तिकडे यवतमाळला चूक झाली. राहू द्या आता, वहिनी. लोकांना मानाचंच वाटेल.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “खुलासा द्या.”

त्यांनी पेपर माझ्या हातात दिला, पुन्हा जाऊन खाली बसल्या आणि बोट टेकवलं. राख अजून गरम होती.